इंजिनांतील फटी : जुन्या आणि नव्या

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूर येथे पश्चिमेस वळून तळ्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत जी वाहने भेटतात, त्यांत गेल्या अर्धशतकातील यंत्रविद्येचे बहुतेक टप्पे एकाच रस्त्यावर नांदत असलेले दिसतात: एस.टी.ची बस, मिनीडोर, जुनी जीप, शंभर सी.सी.च्या मोटारसायकली, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांबरहुकूम बांधलेल्या नव्या गाड्या. रस्ता सोडून शेतांकडे वळावे, तर भातगिरणीचे किंवा पाणी उपसणारे डिझेल इंजिनही कानी पडते. इतक्या भिन्न वयांची यंत्रे बहुधा एकाच मिस्त्र्याच्या हाताखालून जात असल्यामुळे त्यांच्याविषयी काही समजुती या भागात दृढ झाल्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत दृढ समजूत अशी की, नव्या इंजिनांत दोन पार्टांमधला क्लिअरन्स पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी ठेवलेला असतो, सबब त्यांना पातळ ऑइल लागते. जुनी इंजिने मुळातच ढिली बांधलेली असत, सबब त्यांना जाड ऑइल चालत असे. ही समजूत एकट्या तळ्याची नव्हे. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत आणि परदेशांतही ती तितक्याच निःशंकपणे सांगितली जाते. तथापि तिच्यावर विसंबून लोक ऑइलाचा डबा निवडतात आणि हजारो रुपयांच्या कामाचा निर्णय घेतात, म्हणून तिची तपशीलवार छाननी करणे अगत्याचे वाटते. माझे मत आरंभीच नमूद करतो: ही समजूत काही ठिकाणी खरी आहे, परंतु जेथे ती सर्वांत ठामपणे सांगितली जाते तेथेच, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगांच्या बाबतीत, ती सर्वांत कमी खरी आहे.

बेअरिंगांचा विचार करावयाचा तर १८८३ साली इंग्लंडात झालेल्या एका प्रयोगापासून आरंभ करणे इष्ट. तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बीचम टॉवर या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांतील घर्षण मोजण्याचे काम सोपविले होते. आसाच्या वरच्या अर्ध्या भागावर बेअरिंग टेकविलेले आणि खालची बाजू तेलात बुडलेली, अशी त्याची मांडणी होती. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्याने एक भोक पाडले. परंतु आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले. भोकात बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. अखेर तेथे दाबमापक जोडून पाहता बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब त्या ठिकाणी आढळला. पुढे १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले आणि असे सिद्ध केले की, फिरणारा आस तेलाला ओढून एका निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, त्या कोंबण्यातूनच हा दाब उत्पन्न होतो, आणि धातूला धातूचा स्पर्शही न होता सगळा भार त्या तेलाच्या पापुद्र्यावर तोलला जातो.

आजचे कोणतेही इंजिन, मग ते कितीही आधुनिक असो, या गणिताच्या अंमलाबाहेर नाही. फट फार अरुंद केली तर तेलाचे घर्षण वाढते आणि तेल पुरेसे वाहत नसल्यामुळे उष्णता वाहून नेली जात नाही. फट फार रुंद केली तर पापुद्रा भार पेलण्यास दुबळा पडतो आणि तेल बाजूंनी निसटून पंपाचा दाब उतरतो. फटीतून निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रुंदी दुप्पट झाली तर गळती आठपट होते. या दोन संकटांच्या मध्ये जी सुरक्षित जागा उरते, ती व्यासाच्या सुमारे एक सहस्रांशाच्या आसपास येते, आणि म्हणूनच एक इंच व्यासामागे एक थाऊ हा ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. या हिशेबाने ५० मि.मी. व्यासाच्या जर्नलभोवती, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाभोवती, सुमारे दोन थाऊंची, म्हणजे ५० मायक्रॉनांची फट येते. आजच्या मोटारींच्या सर्व्हिस-पुस्तकांत अशा जर्नलसाठी साधारणतः २० ते ५० मायक्रॉनांच्या दरम्यानचे आकडे आढळतात. म्हणजे वरची मर्यादा जुन्या ठोकताळ्याशी जुळते आणि खालची थोडी उतरली आहे. हा बदल खरा असला तरी लोकांच्या कल्पनेत जी क्रांती आहे, ती या आकड्यांत कोठेही सापडत नाही.

मग बदलले काय? बदलली ती एका इंजिनापासून दुसऱ्या इंजिनापर्यंत या फटीत पडणारी तफावत. समजा, जुन्या आराखड्यात २५ पासून ७५ मायक्रॉनांपर्यंतची फट ग्राह्य होती. तर त्या कारखान्यातून निघालेल्या शंभर इंजिनांपैकी काही खालच्या टोकाला, काही वरच्या टोकाला आणि बाकीची मध्ये कोठेतरी विखुरलेली असत, इतकेच नव्हे तर एकाच क्रँकच्या पाच जर्नलांवर पाच निरनिराळे आकडे येत. आता तीच फट ३० ते ४५ च्या दरम्यान राखता येऊ लागली, तर सरासरी फारशी हलत नाही, परंतु दुर्दैवी इंजिने नाहीशी होतात. जुन्या काळी एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांपैकी एक लाख मैल धावे आणि दुसरी तिसऱ्या वर्षी ठोठो वाजू लागे, याचे पुष्कळसे रहस्य या विखुरण्यात होते.

ही तफावत कशी आटली, हा इतिहास मला या सबंध विषयात सर्वाधिक आदरणीय वाटतो. पूर्वी बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतीत. त्याची कल्पना अमेरिकेच्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली नोंदविलेली. ओतलेल्या धातूवर फिटर निळा रंग लावलेला क्रँक बसवून फिरवी, जेथे निळा डाग उठे तेथे स्क्रेपरने खरवडी, पुन्हा बसवी, पुन्हा खरवडी. फट ठरे ती त्याच्या मनगटाने, आणि झिजेनंतर कॅपखालचा एखादा पातळ पत्रा काढून तीच फट तो पुन्हा साधी. १९३० च्या दशकापासून तयार मापाची पातळ शेल बेअरिंगे रूढ होऊ लागली, आणि फिटरचे हे कौशल्य जर्नलच्या ग्राइंडिंगमध्ये व मोजमापाच्या साधनांत संक्रांत झाले. सुटे भाग परस्परांत बदलता येण्याइतके सारखे असावेत, हा आदर्श त्यापूर्वीच प्रस्थापित झाला होता. १९०८ साली इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे सोडवून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, पुन्हा तीन गाड्या जोडण्यात आल्या व त्या ५०० मैल चालविण्यात आल्या; या परीक्षेबद्दल त्या कारखान्याला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. स्वीडनच्या योहान्सन यांनी तयार केलेल्या गेज-ब्लॉकांनी या सारखेपणाला एक सार्वत्रिक माप दिले.

महाराष्ट्राचा या इतिहासातील वाटा लहान नाही. साताऱ्याचे धनजीशा कूपर हे १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत राहिले. परंतु त्यांच्या कारखान्यात त्याच दशकात डिझेल इंजिने तयार होत होती, ही बाब मला त्याहून कमी मोलाची वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीपासून १९४६ साली स्थापन झालेल्या, पुण्याच्या खडकीतील किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपर्यंतचा प्रवास, आणि पुढे टेल्कोच्या पुणे प्रकल्पात सुमंत मुळगावकरांनी यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांवर व कारागिरांच्या शिक्षणावर दिलेला भर, यांचे मर्म एकच होते: माप जेथे घेतले जाते, तेथेच गुण उत्पन्न होतो. आजच्या कारखान्यांत या मापाची परिसीमा निवडक जुळणीत दिसते. ब्लॉकच्या प्रत्येक बेअरिंग-घराचा आणि क्रँकच्या प्रत्येक जर्नलचा प्रत्यक्ष आकार मोजून त्यावर खुणेची अक्षरे ठोकतात, शेल बेअरिंगे काही मायक्रॉनांच्या फरकाने निरनिराळ्या जाडीची व निरनिराळ्या रंगांची ठेवतात, आणि खुणा पाहून कोणत्या घरात कोणत्या रंगाचे शेल जावयाचे ते ठरवितात. म्हणजे भाग जितके अचूक करता येतात त्याहूनही अचूक फट केवळ जुळणीतून साधली जाते.

येथे तळ्याच्या वाचकासाठी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या तालुक्यात सर्वांत अधिक संख्येने दिसणाऱ्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकलीत अशी शेल बेअरिंगे मुळी नसतातच. १९८५ च्या सी.डी. १०० पासून चालत आलेल्या ५० मि.मी. बोअर व ४९.५ मि.मी. स्ट्रोकच्या त्या इंजिनात क्रँक दोन्ही टोकांना बॉल बेअरिंगांवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला सुयांची रोलर बेअरिंगे असतात. या बेअरिंगांत तेलाच्या रुंद पापुद्र्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीने उद्भवतो. तेव्हा नव्या मोटारसायकलचा क्रँक टाइट असतो म्हणून पातळ ऑइल, ही उपपत्ती या बहुसंख्य वाहनांना मुळातच लागू पडत नाही.

पिस्टनची गोष्ट निराळी. येथे नव्या इंजिनांची फट खरोखरच कमी झाली आहे, आणि ती का कमी करता आली हे समजून घेण्यासाठी किर्लोस्करांचे ए.व्ही. १ हे पाच अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे आणि ८० मि.मी. बोअरचे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. महाराष्ट्राच्या विहिरींवर त्याने दिलेल्या सेवेची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. ओतीव लोखंड एक अंश तापमानवाढीस आपल्या लांबीच्या सुमारे अकरा दशलक्षांश इतके फुगते. पिस्टनचे सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियम सुमारे वीस, आणि शुद्ध ॲल्युमिनियम तेवीस. आता ३० अंशांवर थंड असलेल्या इंजिनात पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा भाग, १५० अंशांपर्यंत आणि लायनर ११० अंशांपर्यंत तापला असे धरले, तर ८० मि.मी.चा पिस्टन सुमारे ०.१९ मि.मी.ने आणि लायनर ०.०७ मि.मी.ने फुगेल. हा ०.१२ मि.मी.चा फरक कोठेतरी सामावून घेतलाच पाहिजे, नाहीतर पिस्टन सीज होतो. जुन्या रचनाकारांनी तो सामावला तो थंड इंजिनात चार-पाच थाऊंची फट ठेवून. म्हणूनच सकाळी पहिल्यांदा चालू करताना जुन्या इंजिनातून जो टकटक आवाज येई, तो इंजिन तापल्यावर विरून जाई.

ही फट घटविण्यासाठी धातुशास्त्राने आणि यंत्रशाळेने पुष्कळ खटपट केली. मिश्रधातूत सिलिकॉन वाढवून प्रसरण कमी केले. पिस्टनच्या अंगात पोलादी पट्ट्या ओतून प्रसरणाला दिशा दिली. आणि सर्वांत नाजूक युक्ती म्हणजे पिस्टन वर्तुळाकार न ठेवता गजन पिनच्या दिशेने किंचित चपटा व उंचीत मधोमध किंचित फुगीर असा तासला, जेणेकरून तापल्यानंतर तो सिलिंडरशी नीट जुळेल. त्यावर ग्राफाइटसारख्या द्रव्यांचा लेप आला, काही इंजिनांत ब्लॉकच ॲल्युमिनियमचा झाल्यामुळे दोघेही बरोबरीने फुगू लागले, आणि होनिंगच्या नव्या पद्धतीने सिलिंडरच्या पृष्ठावरील तीक्ष्ण कंगोरे कारखान्यातच काढून टाकले जाऊ लागले. परिणामी आजच्या मोटारीत स्कर्टची फट २० ते ५० मायक्रॉनांवर येऊन ठेपली आहे. एकेकाळी नव्या गाडीच्या मागे रनिंग इनची पाटी लावून पहिले हजार-पंधराशे किलोमीटर तिला जपून हाकावे लागे. त्या काळात जे कंगोरे मालकाच्या पेट्रोलवर झिजत, ते आता होनिंगच्या दगडाखाली झिजतात.

या फटीची परीक्षा खेड्यातील मिस्त्री कशी करतो, हे पाहण्यासारखे आहे. बोरिंगहून परत आलेला ब्लॉक रॉकेलने धुऊन, पुसून, त्याच्या सिलिंडरला तेलाचे बोट फिरवून तो नवा पिस्टन रिंगा न चढविता उलटा आत सोडतो. पिस्टन झर्रकन खाली गेला तर त्याची मान नकारार्थी हलते. अडखळला तर ब्लॉक पुन्हा बोरिंगवाल्याकडे जातो. आणि पिस्टन स्वतःच्या भाराने, मध्ये कोठेही न थांबता, सावकाश उतरला म्हणजेच त्याचे समाधान होते. नंतर तो फिलर गेजची पाती स्कर्टच्या बाजूने सरकवून खात्री करून घेतो. या कसोटीत अनुभवाचे मोठे संचित आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. तथापि उलटा सोडलेला पिस्टन सिलिंडर अंडाकार झाला आहे की वरून खाली निमुळता, हे स्वतंत्रपणे सांगू शकत नाही. ते सांगण्यास डायल बोअर गेजच लागतो.

रिंगच्या टोकांमधील गॅप आणि वाल्व्हचा टॅपेट, या दोन ठिकाणी सांगण्यासारखा बदल थोडा आहे. रिंगा पातळ आणि कमी ताणाच्या झाल्या, परंतु त्यांचा गॅप बोअरच्या प्रमाणात जवळजवळ पूर्वीइतकाच ठेवावा लागतो, कारण तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांस भिडली तर रिंग मोडते. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेटमुळे वाल्व्हची फट शून्यावर आली, पण ती आपोआप भरून निघण्याची व्यवस्था आहे. बांधणीच्या अचूकतेशी तिचा संबंध नाही.

याउलट डिझेल पंपाकडे वळले म्हणजे ही समजूत पार उलटी होते. इंजिनातील सर्वांत अरुंद फट कोणती, असे विचारल्यास तिचे उत्तर क्रँकमध्ये किंवा सिलिंडरमध्ये मिळणार नाही. ती पंपाच्या एलिमेंटमध्ये आणि नोझलच्या सुईभोवती असते, आणि तिची रुंदी दोन ते चार मायक्रॉन इतकीच असते. हे काम नव्या युगाचे नव्हे. जर्मनीच्या बॉश कारखान्याने डिझेल पंपांचे नियमित उत्पादन १९२७ साली सुरू केले, आणि तेव्हापासून प्लंजर व बॅरल ही जोडी एकमेकांत घासून लॅप केलेली असून, एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालू नये हा दंडक चालत आला आहे. नाशिकला ज्याच्या नावाने मायको सर्कल ओळखला जातो, त्या मायकोच्या कारखान्यात आपल्याच लोकांनी ही नोझले वर्षानुवर्षे बनविली. म्हणजे भातगिरणीतल्या ज्या इंजिनाला आपण ढिले म्हणतो, त्याच्याच पंपात आजच्या क्रँक-बेअरिंगच्या सुमारे दशांश फट पूर्वीपासून नांदत आहे. नव्या कॉमन रेल पद्धतीत जेथे पूर्वी २०० बारच्या आसपास नोझल उघडत असे, तेथे आता दाब दीड-दोन हजार बारांपर्यंत गेल्यामुळे तीच फट अधिक काटेकोर आणि अधिक गोल राखावी लागते, एवढाच फरक. कोकणच्या पावसाळ्यात कॅनमध्ये साठविलेल्या डिझेलात उतरणारे पाणी या सुईला जितके घातक आहे, तितके ते क्रँकला नाही; वाहनधारकांनी धास्ती बाळगावयाची तर ती येथे.

आता ऑइलाचा प्रश्न. फटी एवढ्याशाच बदलल्या असतील, तर २०डब्ल्यू-४० च्या जागी ०डब्ल्यू-२० सारखी पातळ ऑइले आली कशी? याचे मुख्य कारण इंधनाची बचत हे होय. अमेरिकेने १९७५ साली सरासरी इंधनखर्चाचा कायदा केला व १९७८ च्या गाड्यांपासून तो लागू केला. आपल्याकडेही तशा प्रकारचे नियम २०१७ पासून अमलात आले. घट्ट तेल ढवळण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती पातळ तेलाने वाचते, आणि एकेका गाडीत ती थोडी असली तरी कारखान्याच्या साऱ्या गाड्यांच्या हिशेबात ती मोठी होते. याचा स्पष्ट दाखला असा की, एकच इंजिन एका देशाच्या पुस्तकात पातळ ऑइल मागते आणि दुसऱ्या देशाच्या पुस्तकात त्याहून जाड. इंजिनातील फटी काही सरहद्द ओलांडताना बदलत नाहीत. किंबहुना रेनॉल्ड्सच्या गणिताप्रमाणे फट अरुंद केल्यास घर्षण वाढतेच. बचत करू पाहणाऱ्या रचनाकाराने ती हौसेने अरुंद करण्याचे कारण नाही. पातळ तेलाचा पापुद्रा पातळ पडतो म्हणून तो फटीची वरची मर्यादा आवळतो व पृष्ठ अधिक गुळगुळीत करतो, इतका संबंध मात्र खरा. म्हणजे आधी पातळ तेल ठरले आणि फटींची शिस्त मागून आली. लोकसमजुतीत हा क्रम उलटा लागलेला आहे. वाल्व्हची वेळ बदलणाऱ्या ऑइलवर चालणाऱ्या यंत्रणांचाही या निवडीत वाटा आहे, कारण त्यांच्या बारीक वाटांतून ठराविक वेळात ठराविक तेल वाहणे आवश्यक असते.

नवी इंजिने अधिक टिकतात, हे सर्वमान्य आहे, आणि त्याचे श्रेय अरुंद फटींना देण्याची प्रवृत्तीही सर्वत्र आहे. माझ्या मते ते श्रेय पुष्कळांत वाटून द्यावे लागेल. कार्बोरेटर व चोक यांच्या काळात थंड सकाळी जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकी. इंजेक्शनने ते थांबविले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि त्याबरोबर शिशाचे साठे व त्यातून उपजणारी आम्लेही गेली. सगळेच्या सगळे तेल गाळून घेणारा फिल्टर सार्वत्रिक झाला. कोकणाच्या दृष्टीने या यादीत मी एअर फिल्टरला अग्रक्रम देईन. भाराखालच्या बेअरिंगमध्ये तेलाचा पापुद्रा सर्वांत पातळ असतो तेथे तो फटीच्या रुंदीएवढा नसून काही मायक्रॉनांचा, कधी एकाहूनही कमी असतो. आणि जांभ्याच्या खाणींतून व महामार्गाच्या कामातून उडणाऱ्या लाल धुळीतले पाच ते वीस मायक्रॉनांचे कण नेमके या पापुद्र्याशी बरोबरीचे किंवा थोडे मोठे असल्यामुळे सर्वाधिक झीज तेच करतात. फिल्टर झटकून पुन्हा बसविण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिने जितकी इंजिने लवकर म्हातारी झाली असतील, तितकी चुकीच्या ग्रेडच्या ऑइलाने खचित झालेली नाहीत.

राहिला तो ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाचा प्रश्न, आणि तळ्यासारख्या ठिकाणी तोच सर्वांत व्यावहारिक आहे. कारखान्यातील रंगांच्या खुणांनी साधलेली निवडक जुळणी बाजारातील क्रँक-ग्राइंडिंगवाल्याकडे नसते. तो जर्नल दहा किंवा वीस थाऊ उतरवितो आणि त्या मापाची अंडरसाइज शेले बसवितो. काम उत्तम झाले तरी फट ग्राह्य पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे जाण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी पुस्तकाने दिलेल्या श्रेणींपैकी जाड श्रेणी निवडणे सर्वथा समर्थनीय आहे, मग ते इंजिन कालचे असो वा चाळीस वर्षांपूर्वीचे. उलट जुन्या इंजिनाचे काम मापात उतरले असेल, तर केवळ ते जुने म्हणून त्यात घट्ट ऑइल भरणे हे थंड सकाळी त्याचे बेअरिंग काही क्षण उपाशी ठेवण्यासारखे आहे. निर्णय वयावर अवलंबून नसून मापावर अवलंबून असल्यामुळे माझी सूचना एवढीच आहे की, इंजिन उघडणाऱ्याने बिलावर सामानाच्या किमतींबरोबर प्रत्येक जर्नलचा व्यास, बेअरिंगची फट, सिलिंडरचे वरचे, मधले व खालचे माप आणि रिंगचा गॅप हे आकडे लिहून द्यावेत, आणि मालकाने ते मागून घेण्यात संकोच करू नये. चार सिलिंडरांच्या इंजिनाला हे आकडे एका पोस्टकार्डावर मावतील, आणि पुढच्या मिस्त्र्याला तेवढे पुरेसे होतील.